हिरवं म्हणजे ये

कुकरच्या शिट्टीला ब्रेक उठला नाही,
तेव्हा कळलं.
बारा वर्षं तिसऱ्या शिट्टीला
हा ओट्याशी हजर, ड्यूटीवर असल्यासारखा.
त्या दिवशी सात झाल्या, डाळ करपली,
आणि हा कूलरसमोरच्या ओल्या गोणपाटावर
पोट वर करून.
मी कानाशी वाकून म्हटलं, "आठे ये रे."
कान हललासुद्धा नाही.
माशी बसली तेव्हा हलला.

निंभोऱ्याच्या सायडिंगला केळी भरताना
माझ्या ब्रेकव्हॅनमध्ये सापडला होता, वाळक्या पानांत,
मुठीएवढा, पिसवांनी भरलेला.
म्हणून ब्रेक.
शिकवलं असं काही नव्हतं.
"बठ" म्हटलं की बसायचा, "चाल" म्हटलं की निघायचा.
तेवढी अहिराणी त्याला पुरली,
भुसावळात मलाही.

भारंबे सर म्हणाले, "जून खोड वाकत नाही हो, गार्डसाहेब."
तीस वर्षं नववी ब ला गणित शिकवलेला माणूस,
त्याचा तरी काय दोष.
पण माझी अख्खी नोकरी
ऐकू न येणाऱ्या माणसाशी बोलण्यात गेली:
अठ्ठावन्न वाघिणींपलीकडे ड्रायव्हर,
मध्ये धूळ, ऊन, तापीचा पूल,
आणि माझ्या हातात एक कापड.

झेंड्या निवृत्तीला जमा केल्या होत्या.
कोकिळाने पेटीतून ब्लाउजपीस काढले,
एक तांबडा, एक हिरवा,
कुणाकुणाच्या लग्नात ओटीत आलेले.
जुन्या छत्रीच्या काड्यांना शिवून दिले.
म्हणाली, "घ्या, चालवा गाडी."

तांबडं दाखवलं, हा शेपूट हलवत जवळ.
हिरवं दाखवलं, हिरवं खाल्लं.
अर्धं.
उरलेल्या अर्ध्यावर पुढचं शिक्षण.

पहाटे साडेपाचला, अंगण तापायच्या आत,
तांबडं वर, कंबर हलकेच दाबायची, कळण्याच्या भाकरीचा तुकडा.
तांबडं वर, कंबर, तुकडा.
त्याच्या कमरेचं हाड बोटांना लागायचं,
वाकताना माझं मला.
दहा मिनिटांनी तो जांभई द्यायचा,
मी वर्ग सोडायचो.

झोपेत हात लावायचा नाही, दचकतो.
फरशीवर टाच आपटायची, दोनदा.
थरथर पोचते, मग डोळा उघडतो,
आधी टाचेकडे, मग चढत चढत
तोंडापर्यंत.
कुत्र्याचं शेपूट नळीत घालणारा तो कोण होता, कोण जाणे.
मला सरळ काहीच करायचं नव्हतं,
यानं फक्त बघावं माझ्याकडे, अधूनमधून.

वैशाखात एका संध्याकाळी वीज गेलेली,
फाटक उघडं, गल्लीत पाण्याचा टँकर उलटा येत होता,
आणि ब्रेक मधोमध, वास घेत,
जगाकडे पाठ करून.
ओरडून काय उपयोग, तरी ओरडलो.
मग त्यानं वळून बघितलं,
आता दर दहा पावलांवर बघतो तसं.
मी तांबडं वर केलं.

बसला.
आणि टँकर थांबला, टँकरमागे लुना थांबली,
लुनावरचे भारंबे सर एक पाय टेकवून थांबले,
हंडे घेऊन धावणाऱ्या बायासुद्धा थांबल्या,
कशासाठी ते त्यांनाही कळेना.
इतकी गाडी मी एका कापडाने
नोकरीतही थांबवली नव्हती.
मग हिरवं, ते अर्धं.
ब्रेक निघाला, मेल पुढे गेल्यावर
मालगाडी निघते तसा, कुणाचंही देणं नसल्यासारखा.
भारंबे सर काहीतरी बोलले जाताना.
मला ऐकू आलं नाही.

इंजिनाच्या, हॉर्नच्या चौतीस वर्षांनी
माझा डावा कान कधीच घेतला होता,
उजवाही आता भाव खातो.
कोकिळा हल्ली हाका मारत नाही.
जेवण झालं की स्वयंपाकघराच्या दारात
पदर खोचून उभी राहते,
हातात ते अर्धं कापड.
आम्ही दोघंही उठतो.
तो आधी.